वाचणाऱ्याची उजवी

गावच्या पालिकेत पाट्या रंगवणाऱ्या माणसाला सगळं गाव 'बाण' म्हणायचं. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. दवाखाना कुणीकडे, बाजार कुणीकडे, गाडी कुठे वळवू नये, कुठे थुंकू नये, हे गावाला सांगायचं काम त्याचं. आणि थुंकण्याची पाटी सोडली तर बाकी सगळ्यांवर एखादा बाण असायचाच. त्याचा बाण सडपातळ, सरळ, टोकाशी जरा भरलेला. दुसऱ्या कुणी काढलेला बाण तो लांबून ओळखायचा आणि तोंड वाकडं करायचा. "हा बाण आहे की लाटणं?"

पालिकेच्या आवारात मागच्या अंगाला पत्र्याची एक लांबट खोली होती, ती त्याची. भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या, खिळ्यांना अडकवलेले अक्षरांचे छाप, रंगाने टणक झालेले ब्रश आणि थिनरचा असा वास, की नवखा माणूस दारातूनच "येतो मग" म्हणायचा. बाण मात्र त्या वासात बसून चहा प्यायचा. त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती, आणि ती त्याने आयुष्यभर धरून ठेवली. पाटीला स्वतःची उजवी-डावी नसते. रंगवणाऱ्यालाही नसते. उजवी म्हणजे वाचणाऱ्याची उजवी. वाचणारा समोरून येतोय, त्याचं तोंड कुणीकडे, एवढं डोळ्यांपुढे आणायचं आणि मगच ब्रश बुडवायचा.

बाणाची बायको माहेरी दोघी बहिणींत थोरली, म्हणून माहेरचे तिला थोरली म्हणायचे, आणि माहेर दोन गल्ल्या सोडून असल्यामुळे सासरीही तेच नाव रूढ झालं. ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धुलाईखात्यात होती. दवाखान्याच्या चादरी म्हणजे घरच्या चादरी नव्हेत. उकळत्या पाण्यातून निघून, पिळून, तापलेल्या रुळांखालून चपट्या होऊन त्या बाहेर येतात तेव्हा दोघींनी समोरासमोर उभं राहून त्यांची घडी घालायची असते. थोरलीची घडी इतकी काटेकोर, की तिच्या जोडीला उभं राहायला बायका कचरायच्या. तोंडाचा पट्टा मात्र घडीपेक्षा लांब. एकुलता मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिचा सगळा बोलण्याचा साठा नवऱ्याच्या वाट्याला आला होता, आणि नवरा मुळात कमी बोलणारा, त्यामुळे जोडी जमलेली.

गाव आणि शहर यांच्यामध्ये एक कालवा आणि कालव्यावर एक पूल. शहरात गेल्या काही वर्षांत सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले होते. हिरवे, कडेला कठडे, चौकाचौकात सायकलींसाठी निराळे दिवे. सगळं शहर त्या हिरव्या रेषांनी विणून काढलेलं. आणि ही हिरवळ पुलाच्या पलीकडच्या टोकाला येऊन एकदम थांबायची. शहराच्या मते जग तिथे संपत होतं. गावातली निम्मी माणसं कामाला शहरात जायची. त्यांनी पुलापर्यंत मालमोटारींच्या मधून जीव मुठीत धरून यायचं, आणि पूल ओलांडला की राजासारखं जायचं. नाहीतर दोन बस बदलायच्या. पहिली बस चुकली की दुसरी हमखास चुकायची. गावाने अर्ज केले, सभा घेतल्या, माणसं बदलली, अर्ज तेच राहिले. शेवटी एकदाचं ठरलं: शहराचं जाळं पुलावरून गावात आणायचं, आणि गावाने आपल्या बाजूने बाजारपेठेपर्यंत मार्ग काढून त्याला जोडायचा. कागदावर त्याचं नाव 'जोडमार्ग'.

ज्या दिवशी ही बातमी आली त्याच संध्याकाळी थोरलीने फर्मान काढलं, "मला सायकल शिकवा."

"या वयात?"

"मग कुठल्या वयात? मागचं वय आता परत येतंय का?"

बाणाने जुनी सायकल दुरुस्त करून आणली. पालिकेच्या मागच्या मैदानात तो कॅरियर धरून पळायचा आणि ती किंचाळायची, "सोडू नका हं, सोडू नका!" सोडल्यावरही किंचाळायची, कारण सोडलंय हे तिला कळायचंच नाही. एकदा ती थेट पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन धडकली आणि टाकीलाच म्हणाली, "दिसत नाही का?" पण शिकली. शिकली आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते बाणाने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. त्याला वाटलं, चला, आपल्या हातून एक काम बरं झालं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगायला हवं. शहराचा नकाशा पुलाच्या मध्यावर संपायचा आणि गावाचा नकाशा पुलाच्या अलीकडे. मार्ग रस्त्याच्या एकाच कडेने जाणार होता, जाणारे-येणारे दोन्ही तिथूनच. पण कुठल्या कडेने? त्याबद्दल दोन्ही कचेऱ्यांनी मोठ्या अक्कलहुशारीने एकच ओळ लिहिली होती: 'पुलाची बाजू उभय विभागांनी आपसांत ठरवावी.' उभय विभाग एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. पावसाळ्याआधी रंग वाळायला हवा म्हणून घाई सुरू झाली, तेव्हा पालिकेचे अभियंतासाहेब बाणाला म्हणाले, "तूच विचारून घे रे त्यांच्या मुकादमाला. शेवटी रंग तुम्ही दोघांनीच मारायचाय."

शहराचा मुकादम म्हणजे रस्त्यांवर पट्टे मारणाऱ्या टोळीचा म्होरक्या. कधीकाळी तोही पाट्याच रंगवायचा, त्यामुळे बाणाची आणि त्याची दूरची ओळख होती. बाणाने पत्र्याच्या खोलीतून फोन लावला. बाहेर आवारात कचऱ्याची गाडी उभी होती, तिचं इंजिन घरघरत होतं.

"मुकादम, पुलाची कुठली बाजू धरायची?"

"उजवी. उजवीकडे जागा आहे, कठडाही नवा आहे."

"वाचणाऱ्याची उजवी ना?"

"अहो मग काय, आपण कालचे आहोत का? वाचणाऱ्याचीच."

दोघंही हसले. दोघांचेही उस्ताद बहुधा एकच गोष्ट शिकवून गेले असावेत. मुकादमाच्या डोळ्यांपुढे शहरातून गावाकडे निघालेला माणूस होता. बाणाच्या डोळ्यांपुढे गावातून शहराकडे निघालेली थोरली होती.

रंगाच्या दिवशी गाव बघायला लोटलं. शहराची टोळी मोठं यंत्र घेऊन पुलावरून रंग ओढत येत होती, आणि बाजारपेठेकडून बाण आणि त्याच्या हाताखालचे दोघे येत होते. दोन्ही हिरवे पट्टे पुलाच्या अलीकडच्या टोकाला समोरासमोर आले आणि थांबले. एक रस्त्याच्या या कडेला, दुसरा त्या कडेला. मध्ये मालमोटारींचा आख्खा रस्ता. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा जमाव हसला. "जोडमार्ग की तोडमार्ग!" असं कुणीतरी ओरडलं आणि ते नाव त्याच दिवशी पक्कं झालं.

मुकादमाने बाणाकडे बघितलं. बाणाने मुकादमाकडे बघितलं. दोघांच्याही तोंडून एकाच वेळी शब्द निघाला, "उजवी..." आणि दोघांनाही कळलं.

अभियंतासाहेब धावत आले. आजूबाजूला माणसं होती म्हणून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "शहरवाल्यांचं चुकलंय." माणसांना तेच हवं होतं. शहरवाल्यांचं चुकणं ही गावाची जुनी आवड. मुकादम आपली टोळी घेऊन निघून गेला, तो भांडायच्या भरीला पडला नाही. आणि बाण मूग गिळून बसला. त्याने खोटं काही सांगितलं नाही. विचारलंच कुणी नाही. रात्री जेवताना थोरली म्हणाली, "शहरात एवढी शिकलेली माणसं, आणि उजवं-डावं कळेना होय हो? मला बाई सायकल शिकतानाच कळलं!" बाण हसला. तिने हसवावं आणि त्याने हसावं, इतकं ते सवयीचं होतं. त्याच वेळी सांगितलं असतं तर दोघं मिळून हसली असती. पुढे सांगणं दर दिवसाला अवघड होत गेलं.

पट्टा हलवायचा तर एका कडेचे कठडे उखडून दुसरीकडे लावायचे, म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा पत्रं. तोवर तात्पुरतं म्हणून पुलाच्या टोकाला रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारायचे ठरलं. पूल मध्ये उंच, दोन्ही टोकांना उतरता. शहराकडून येणारी गाडी माथ्यावर चढेपर्यंत दिसायची नाही, आणि दिसली की ती उताराला लागलेली असायची. गोदामांच्या मालमोटारी सकाळी तिथूनच यायच्या. पहिल्या महिन्यात दोघेतिघे थोडक्यात वाचले. तेव्हा साहेबांनी बाणाला बोलावून मजकूर दिला. पाटी रंगवायची: 'सायकलस्वारांनी येथे उतरून रस्ता स्वतःच्या जबाबदारीवर ओलांडावा.'

बाण मजकूर हातात धरून उभा राहिला. "साहेब, शेवटचं नको. नुसतं 'उतरून ओलांडावा' लिहू या."

"अरे, शेवटचंच तर हवंय. वरून आलंय ते. तू कशाला मनाला लावून घेतोस? तुझ्या जबाबदारीवर थोडंच लिहायचंय?"

बाणाच्या मनाला ते का लागलं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं, आणि बाणाने सांगितलं नाही. त्याने पाटी रंगवली. चिडून वाईट रंगवावी तर तेही त्याला जमेना, हात बसलेला. पाटी इतकी देखणी झाली की जाणारे-येणारे थांबून वाचायचे.

थोरली रोज तिथून जायची. उतरायची, मान उंच करून माथ्याकडे बघायची आणि सायकल ढकलत ओलांडायची. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत बाण सकाळी ब्रश बुडवायचा नाही. पण ती खूश होती. बस नाही, धक्के नाहीत, हिरव्या रस्त्यावरून वारा खात दवाखान्याच्या दारात. आणि थोरलीला एखादी गोष्ट आवडली की ती सगळ्या घराण्याने करायलाच हवी. तिने धाकटीला धरलं.

धाकटी म्हणजे तिची बहीण. तीही धुलाईखात्यातच होती, थोरलीनेच चिकटवलेली. थोरलीच्या तोंडाचा पट्टा लांब, तर धाकटीची जीभ धारदार. नवरा दूर गोदीत, दोन-दोन महिन्यांनी येणारा. धाकटी सायकलीला भ्यायची. "मला दोन बसच बऱ्या. बसमध्ये निदान दुसरा कुणी चालवतो." पण थोरली ऐकते थोडीच? "अगं, मी शिकले, तू तर माझ्यापेक्षा लहान. भितेस काय अशी म्हातारीसारखी?" तिने तिला मैदानात नेलं, बाणाला कॅरियर धरायला लावलं, आणि महिन्याभरात दोघी बहिणी एकामागून एक पुलावरून जायला लागल्या. बाणाने तेव्हा मध्ये पडून दोन शब्द बोलायला हवे होते. पण बोलायचं तर आधी उजवीचं बोलावं लागलं असतं.

त्या सकाळी थोरलीची दुसरी पाळी होती, म्हणून धाकटी एकटीच निघाली होती. बाण पत्र्याच्या खोलीत शाळेच्या पाटीला पांढरा हात देत होता. फोन आला तेव्हा त्याच्या हातात ब्रश होता, आणि नंतर कधीतरी बघितलं तर पाटीवर खालपर्यंत पांढरा ओघळ गेलेला होता. मालमोटारवाल्याने ब्रेक दाबला होता, पण उतार होता. धाकटीचा डावा पाय मांडीत मोडला, गुडघ्याचाही चुरा झाला. जीव वाचला, एवढंच.

तिला तिच्याच दवाखान्यात ठेवलं. शस्त्रक्रिया झाली, सळई घातली. शुद्धीवर येऊन जरा बोलायला लागली तेव्हा तिने पहिल्यांदा अंगाखालची चादर चिमटीत धरली आणि विचारलं, "ही कुणी घडी घातलीय गं? कोपरे बघ कुठे चाललेत." थोरली रडता रडता हसली. बाण पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. धाकटीने त्याच्याकडे बघितलं.

"भाऊजी, पाटीवर लिहिलंय तस्संच केलं हो मी. उतरले. तुमचं अक्षर लांबूनच ओळखलं. म्हटलं, भाऊजींनीच लिहिलंय, म्हणजे इथूनच जायचं."

बाण बाहेर गेला आणि जिन्यात बसून राहिला. माणसं जातायेता त्याला ओलांडून जात होती. त्याला वाटत होतं, आत जावं आणि सगळ्यांसमोर बोलून टाकावं. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, हाड जुळेल, गुडघ्याचं आत्ताच सांगता येत नाही. पूर्वीसारखं उभं राहून काम करता येईल का, तेही सांगता येत नाही. धुलाईखात्यात बसून काम नसतं. त्यानंतर तर बोलायची सोयच राहिली नाही.

आणि इथूनच घरात ते सुरू झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने स्वतःच गळ्यात दोर घालून घेतला. थोरलीने सगळा दोष आपल्यावर घेतला. मीच तिला सायकलीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. भितेस काय म्हणून मीच तिला हिणवलं. तिने सायकल मोरीमागे उभी केली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. पुन्हा दोन बस बदलून कामाला जायला लागली. बोलणं आटलं. जिच्या बडबडीने घर भरलेलं असायचं, ती जेवताना ताटाकडे बघत बसायची. मधेच विचारायची, "माझंच चुकलं ना हो?"

बाण म्हणायचा, "कुणाचाच दोष नाही गं. नशीब."

ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भांडी घासता घासता, कपडे वाळत घालता घालता, "सांगा ना, माझंच चुकलं ना?" आणि पुन्हा तेच उत्तर. बाणाला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की ते तोंडातून निघायला त्याला काही करावंच लागत नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. धुलाईखात्यातली एक बाई सांगत आली, की तापलेल्या रुळाजवळ तिचा हात जाता जाता राहिला, लक्षच नसतं तिचं. बाणाचं काळीज तुटायचं. तो चहा करून द्यायचा, तिचे पाय दाबायचा, धाकटीचा डबा तोच पोचवायचा. सगळं करायचा, तेवढं एक सोडून.

एकदा मात्र तो हिय्या करून साहेबांकडे गेला. घरी बोलण्यापेक्षा कचेरीत बोलणं सोपं, असा त्याचा हिशेब. "साहेब, ते बाजूचं... फोनवर मीच ठरवलं होतं. चूक आमची पण आहे. निदान आता तरी पट्टा हलवा."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तिथे पाटी आहे. 'स्वतःच्या जबाबदारीवर.' पाटी असताना चूक कुणाचीच नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "आणि पाटी तूच रंगवलीस, चांगली रंगवलीस. जा आता."

बाण बाहेर आला. साहेबांनी हात झटकले याचा त्याला राग यायला हवा होता. पण साहेब जे म्हणाले ते आपण रोज घरी म्हणतोय, हे त्याला चालता चालता जाणवलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. आज सांगायचंच, असं ठरवून तो संध्याकाळी दवाखान्यात गेला. थोरली पाळी संपवून धाकटीजवळ बसली होती, तिचे केस विंचरत होती. बाण स्टूल ओढून बसला. घसा खाकरला. आणि दारातून मुकादम आत आला.

हातात फळांची पिशवी, अंगावर रस्त्याच्या कामाचा तोच पिवळा कोट. आत यावं की न यावं असा उभा राहिला. बाणाने ओळख करून दिली नाही तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं, "वहिनी, मी शहरात रस्त्यांवर पट्टे मारणाऱ्यांचा मुकादम. यायला उशीर झाला. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती." त्याने धाकटीच्या पायाकडे बघितलं आणि झटकन नजर वळवली. "यांनी सांगितलंच असेल तुम्हाला. फोनवर आम्ही दोघंही उजवी उजवी म्हणत बसलो. वाचणाऱ्याची उजवी, म्हणून हसलोसुद्धा. यांची उजवी तुमच्या गावाकडून, माझी शहराकडून. एकाने जरी विचारलं असतं, वाचणारा निघालाय कुठून, तर ही आज अशी पडली नसती."

थोरलीचा विंचरणारा हात थांबला. मुकादमाला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तो आणखी बोलायला लागला. "मी आमच्या कचेरीत लेखी दिलंय वहिनी, की आमच्याकडूनही चूक झाली. पट्टा हलवायला सांगितलंय. बघू, काय होतं ते."

धाकटीने एकदा मुकादमाकडे, एकदा बाणाकडे बघितलं. "म्हणजे भाऊजी, तुमची एक उजवी आणि यांची एक उजवी. दोन उजव्या मिळून माझी डावी गेली." स्वतःच हसली, आणि हसता हसता तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

थोरलीच्या हातात कंगवा तसाच होता. तिने तो उशीखाली ठेवला. मुकादमाला पाणी दिलं, "आलात, बरं वाटलं," म्हणाली, दारापर्यंत त्याला पोचवायला गेली. परत येऊन धाकटीच्या अंगावरची चादर काढली, पुन्हा नीट घातली, कोपरे दुमडले. बाणाकडे तिने बघितलं नाही.

परतीची पहिली बस त्यांना पुलाच्या शहराकडच्या टोकाला सोडायची. दुसऱ्या बसला वेळ होता म्हणून दोघं पूल चालत निघाली. कडेच्या हिरव्या पट्ट्यावरून शहरातून परतणारे सायकलवाले जात होते, घंटी वाजवत होते. बाण तिच्या एक पाऊल मागे होता. पुलाच्या माथ्यावर ती थांबली.

"चूक झाली तर झाली," थोरली म्हणाली. "दोन माणसं फोनवर बोलली, त्यांना वाटलं कळलं, आणि कळलं नव्हतं. अशी चूक मीही करीन. त्याचं मला काही नाही."

"मी सांगणारच होतो आज. तेवढ्यात तो..."

"थांबा. मला बोलू द्या, बऱ्याच दिवसांत बोलले नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज विचारायचे तुम्हाला, माझंच चुकलं ना? किती वेळा विचारलं असेल? आणि तुम्ही म्हणायचात, कुणाचाच दोष नाही. मला वाटायचं, किती समजूतदार माणूस आहे माझा. दोष माझा आहे हे याला कळतंय, पण बोलत नाही." तिने पदराने नाक पुसलं. "अहो, तुमचा सांगितला नसतात तरी चाललं असतं. तुम्हाला भीती वाटली असेल, मला कळतं ते. पण 'कुणाचाच नाही' म्हणण्यापेक्षा, एकदा तरी 'तुझा नाही' म्हणायचंत."

तेवढे दोन शब्द होते, आणि ते सहज बोलता आले असते. ते बोलले असते तर तिने पुढे विचारलं असतं, मग कुणाचा? एवढ्यासाठी त्याने तिला इतके दिवस जळू दिलं होतं. "तुझा नाही," तो आता म्हणाला. म्हटलं तेव्हा त्यालाही ते उशिराचं वाटलं.

"हो. आता कळलं ते मला. मुकादमाने सांगितलं."

खाली उताराला पांढरे पट्टे आणि त्याची पाटी दिसत होती. ती चालायला लागली. पाटीपाशी पोचल्यावर तिने आपल्या सवयीने मान उंच करून मागे माथ्याकडे बघितलं, गाडी नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "परवा धाकटीला घरी सोडणार आहेत. तिचं करायला तिच्या घरी कुणी नाही. मी तिच्याकडे राहायला जाते."

"मीही येतो, लागेल ती मदत करतो..."

"तुम्ही नको."

"किती दिवस जाशील?"

थोरली पट्ट्यांवर पाऊल टाकताना म्हणाली, "तिला चालता येईपर्यंत."

डॉक्टरांनी ते कधी, याचं उत्तर अजून दिलेलं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.